माइकला क्रमांकाने नको, नावाने हाक मारा



आजचा विषय पाहून "हे संगणकवाल्यांचं काम, आपला काय संबंध?" असं काहींना वाटेल. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या मुलांच्या वाचनाशी आहे.

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अचूक आणि अर्थ समजून वाचावेत, असं लक्ष्य त्यात ठरलं आहे. पूर्वी हे ऐकायला वर्गातल्या बाई किंवा गुरुजी असायचे. समोर उतारा, हातात घड्याळ आणि मुलाच्या ओठांकडे लक्ष. आता या कामाला मोबाइल आणि संगणकही आलेत. गूगलचं वाचनाचं ॲप २०१९ मध्ये 'बोलो' या नावाने आलं, पुढच्या वर्षी त्याचं 'रीड अलाँग' झालं आणि त्यात मराठी गोष्टीही आल्या. शिवाय एखादा हौशी शिक्षक किंवा संगणक क्षेत्रातला पालक शाळेसाठी स्वतःच छोटासा प्रोग्रॅम लिहून देतो. मूल वाचतं, यंत्र ऐकतं, शब्द मोजतं आणि आकडा दाखवतं. तो आकडा मुलाच्या नावापुढे जातो.

या सगळ्या साखळीत एक प्रश्न आपण विचारतच नाही. यंत्राने मुलाचा आवाज नेमका कुठल्या माइकमधून ऐकला?

माझं मत सुरुवातीलाच सांगते. मुलाचा आवाज ऐकून त्याच्याबद्दल काही ठरवणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमने माइक नावाने निवडला पाहिजे, ते नाव पडद्यावर दाखवलं पाहिजे, आणि तो माइक सापडला नाही तर थांबलं पाहिजे. गुपचूप दुसरा माइक उचलून पुढे जायचं नाही.

यंत्राला कान किती?

शाळेतल्या एका साध्या संगणकाला बघा. लॅपटॉप असेल तर त्याच्या अंगातच एक माइक असतो. वेबकॅम जोडला की त्याच्यातला दुसरा. यूएसबीचा हेडफोन लावला की तिसरा. ब्लूटूथ जोडला तर आणखी एक. म्हणजे यंत्राला तीन-चार कान असतात आणि एका वेळी ते बहुधा एकाच कानाने ऐकतं. कुठल्या, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सांगायचं असतं. त्याने काहीच सांगितलं नाही तर संगणक आपला ठरलेला, म्हणजे 'डिफॉल्ट' माइक देतो.

आमच्याकडे वाचन तपासायला असाच एक घरगुती प्रोग्रॅम होता. चांगल्या हेतूने बनवलेला, फुकट दिलेला. एक दिवस तिसरीतली एक मुलगी वाचायला बसली. वाचन खणखणीत. प्रोग्रॅमने दाखवलं, मिनिटाला ९ शब्द. ती म्हणाली, "मॅडम, मी मोठ्यानंच वाचलं की." पुढच्या मुलाचे आले ११, त्याच्या पुढच्याचा शून्य. कारण सापडलं ते सातवीतल्या एका पोरामुळे. त्याने संगणकाच्या सेटिंगमध्ये आवाजाची पट्टी उघडली आणि हेडफोनच्या माइकवर बोटाने टिचकी मारली. "मॅडम, ह्याला टिचकी मारली तर पट्टी हालत न्हाई. कॅमेऱ्याला मारली की हालतीया बघा."

झालं होतं असं. आदल्या दिवशी ऑनलाइन बैठकीसाठी संगणकाला वेबकॅम जोडला होता आणि तो तसाच राहिला. प्रोग्रॅममध्ये माइकचा क्रमांक लिहिला होता, १. काल १ म्हणजे हेडफोन होता. आज वेबकॅम यादीत मध्ये घुसल्यामुळे १ म्हणजे वेबकॅम झाला. हेडफोन २ वर सरकला. प्रोग्रॅमला त्यातलं काही कळलं नाही. त्याने १ मागितला, त्याला १ मिळाला, त्याचं काम चोख झालं. आकडे मात्र मुलांच्या नावावर पडले.

हजेरी क्रमांक, नाव आणि 'अपार'

आपल्या शिक्षकांना ही गोष्ट समजायला अवघड नाही, कारण आपण ती रोज जगतो. हजेरीपटावर ७ क्रमांकाला जो मुलगा आहे तो पुढच्या वर्षीही ७ ला असेल याची खात्री नसते. मध्येच कुणाचा दाखला येतो, कुणाचा जातो, आणि वर्षाच्या सुरुवातीला पट नव्याने लावला की सगळे वरखाली होतात. म्हणून गेल्या वर्षीच्या वहीतल्या "७ नंबरला वाचन कच्चं" या नोंदीला यंदा काडीचा अर्थ नसतो. नाव लिहिलेलं असेल तरच ती नोंद उपयोगाची.

संगणकातला माइकचा क्रमांक हा असाच हजेरी क्रमांक असतो. त्या वेळी जोडलेल्या उपकरणांच्या यादीतली ती फक्त जागा. एखादं उपकरण काढलं किंवा लावलं की जागा बदलते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात तर उपकरणं तीच असूनही नुसता संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की साउंड कार्डांचे क्रमांक बदललेले दिसू शकतात.

माइकचं नाव म्हणजे मुलाचं नाव. ते जागेवर अवलंबून नसतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे ओळखचिन्ह, आपल्याकडच्या १२ अंकी 'अपार' क्रमांकासारखं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक माइकचं असं एक लांबलचक ओळखचिन्ह मिळतं. पण इथे एक फरक आहे. अपार कायमचा असतो. ब्राउझरमधलं ओळखचिन्ह प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळं असतं, आणि ब्राउझरमधली त्या संकेतस्थळाची साठवलेली माहिती पुसली की तेही बदलतं. हे मुद्दाम केलेलं आहे, कुणी आपला माग काढू नये म्हणून. पण त्यामुळे केवळ त्या चिन्हाच्या भरवशावर राहता येत नाही. फिरून नावावरच यावं लागतं.

नावाने शोधायचं म्हणजे काय करायचं?

ज्यांना पायथन येतं, किंवा ज्यांची मुलं सहावी-सातवीत कोडिंग शिकतायत, त्यांच्यासाठी थोडं नीट सांगते.

पायथनमध्ये 'पायऑडिओ' नावाची लायब्ररी बरेच जण वापरतात. ती माइकचा क्रमांकच मागते, नाव घेत नाही. म्हणून आपण चार पायऱ्या करायच्या.

१. जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी मागायची.
२. यादीतल्या एकेका उपकरणाला आवाज आत घेणारे चॅनल आहेत का ते बघायचं. स्पीकरही त्याच यादीत असतात, त्यांना वगळायचं.
३. उरलेल्यांच्या नावात आपल्याला हवा तो शब्द आहे का ते बघायचं.
४. सापडला की त्याचा आजचा क्रमांक घ्यायचा आणि तो वापरायचा.

म्हणजे क्रमांक शेवटी लागतोच, पण तो प्रत्येक वेळी नावावरून ताजा काढायचा, कायमचा लिहून ठेवायचा नाही. 'साउंडडिव्हाइस' नावाची दुसरी लायब्ररी हे काम आणखी सोपं करते. तिला क्रमांकाच्या जागी नावाचा तुकडा दिला तरी चालतो. त्या तुकड्याला एकही माइक जुळला नाही किंवा एकापेक्षा जास्त जुळले, तर ती चूक दाखवून थांबते. मला तिची ही सवय फार आवडते. मनाने काहीतरी उचलत नाही.

ब्राउझरमध्ये थोडी वेगळी रीत आहे. तिथे वापरणाऱ्याने माइकची परवानगी देईपर्यंत यादीतली नावं रिकामी दिसतात. आधी परवानगी, मग नावं. शिवाय थेट नाव देऊन माइक मागता येत नाही. यादीतून नाव शोधायचं, त्याचं ओळखचिन्ह घ्यायचं आणि त्याने माइक मागायचा. मागतानाही "हाच पाहिजे" असं बजावावं लागतं. तसं बजावलं नाही तर ब्राउझर "जमलं तर हा, नाहीतर दुसरा कुठलाही" असा अर्थ लावतो आणि तक्रार न करता दुसरा माइक देऊन मोकळा होतो. "हाच" म्हटलं तर मात्र नसल्यास नाही म्हणून सांगतो.

मुलांच्या आवडीच्या स्क्रॅचमध्ये आवाजाचा मोठेपणा मोजणारा ब्लॉक आहे. टाळी वाजवली की मांजर उड्या मारतं. तिथे माइक निवडायची सोय नाही, ब्राउझर देईल तो घ्यायचा. "मांजर उडी मारत नाही" म्हणून मूल रडकुंडीला आलं तर आधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये माइक कुठला आहे ते बघा. पोराचा प्रोग्रॅम बरोबर असण्याची शक्यता भरपूर असते.

नावाचेही घोळ असतात

नाव म्हणजे रामबाण असं मी म्हणणार नाही. वर्गात दोन आर्यन पाटील असले की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

स्वस्तातले बरेच यूएसबी माइक 'यूएसबी पीएनपी साउंड डिव्हाइस' हे एकच नाव सांगतात. तसे दोन जोडले की दोन आर्यन पाटील झाले. विंडोजमध्ये तोच माइक दुसऱ्या खाचेत लावला तर कधी कधी नावात '२-' असा आकडा घुसतो. म्हणून पूर्ण नाव तंतोतंत जुळवायला गेलं तर जुळत नाही, नावाचा ठळक तुकडा शोधला तर जुळतो. विंडोजची आवाजाची जुनी पद्धत नाव ३१ अक्षरांवर कापते, त्यामुळे लांब नावाचा शेवट दिसतच नाही. आणि विंडोजमध्ये आवाजाच्या तीन-चार पद्धती एकत्र नांदत असल्याने एकच माइक यादीत तीन-चार वेळा दिसतो. पहिल्यांदा यादी बघणारा घाबरतोच, "एवढे माइक कुठून आले?"

याला उपाय आहे आणि तो कुणालाही जमतो. विंडोजच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या यादीत जाऊन माइकचे गुणधर्म उघडले की नाव बदलायची चौकट मिळते. तिथे 'वाचन माइक' असं स्वतःचं नाव द्यायचं. रोमन लिपीत दिलेलं बरं, कारण काही जुन्या प्रोग्रॅमना देवनागरी नाव वाचता येत नाही, त्याजागी प्रश्नचिन्हं दिसतात. तेच नाव पट्टीवर लिहून माइकलाही चिकटवायचं. नवीन मूल वर्गात आलं की आपण आधी त्याचं नाव विचारतो. माइकलाही तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

चुकीचा माइक म्हणजे नुसता बारीक आवाज नव्हे

"माइक कुठला का असेना, आवाज तर येतोय ना?" असं विचारलं जातं. येतो, पण कसा येतो ते बघूया.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. हेडफोनचा माइक तोंडापासून १५ सेंटीमीटरवर आणि वेबकॅम ६० सेंटीमीटरवर असेल, तर अंतर चौपट, म्हणजे पातळी सुमारे १२ डेसिबलने कमी. पंख्याचा, शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचा आवाज मात्र तेवढाच राहतो. आमच्या उचगावात तर पुणे-बेंगळुरू महामार्गही गावाला लागूनच जातो. बारीक आवाजाच्या मुलाचं वाचन त्यात सहज बुडतं. खणखणीत वाचणारं मूल एकवेळ तरून जाईल. बुजरं मूल, ज्याला खरं तर आपल्या मदतीची गरज आहे, तेच बुडणार.

ब्लूटूथची गोष्ट आणखी वेगळी. ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरताना बऱ्याचदा जुन्या टेलिफोनसारखा आवाज येतो, कारण सेकंदाला फक्त ८००० नमुने घेतले जातात. त्यात ४००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी पकडता येत नाहीत. आपल्या 'स'चा बराचसा जोर नेमका त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर नाव सांगताना "स, समईचा स" असं फोड करून सांगावं लागतं. मूल 'सात' अगदी स्वच्छ वाचतं, यंत्राला काहीतरी भलतंच ऐकू येतं, आणि आपण "हिचे उच्चार स्पष्ट नाहीत" अशी नोंद करतो.

आता यात बोलीची भर घाला. आमच्याकडे गांधीनगरची बाजारपेठ जवळ, औद्योगिक वसाहती जवळ. कामानिमित्त आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात असतात. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी हिंदी किंवा सिंधी. आणि गावच्या मुलांच्या तोंडी कोल्हापुरी हेल. यंत्र चुकलं तर तीन कारणं असू शकतात. मूल चुकलं, यंत्राला मुलाची बोली समजली नाही, किंवा माइकच चुकीचा होता. पहिल्या दोन कारणांवर शिक्षकाने विचार करायचा असतो. त्यासाठी तिसरं कारण आधी निकालात निघायला हवं. माइक कुठला हेच माहीत नसेल तर बाकी सगळी चर्चा अंधारात.

हाच न्याय मोठ्या कामांनाही लागू आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात गावोगावच्या लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित झालं आहे. केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पात 'भाषादान' म्हणून लोक आपला आवाज देतात, मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'मध्येही ब्राउझरमधून मराठी वाक्यं वाचून देता येतात. उद्याच्या यंत्रांनी मराठी नीट ऐकावी म्हणून आपण घरी बसून आवाज देत असू, तर आधी माइक तपासावा. आपल्या नावाने कॅमेऱ्याने ऐकलेली पंख्याची घरघर जायला नको.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की हे तंत्रज्ञांचं काम आहे, शिक्षकांवर आणखी ओझं नको. ओझ्याबद्दल मी पूर्ण सहमत आहे. ऑनलाइन माहिती भरता भरता आपला किती वेळ जातो ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच माझं म्हणणं आहे की ही जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असावी. आपण कोड लिहायचा नाही, आपण फक्त विचारायचं. वजनकाटा बनवणं दुकानदाराचं काम नसतं, पण माल ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का हे गिऱ्हाईक बघतंच ना?

दुसरा आक्षेप असा की माइक सापडला नाही म्हणून प्रोग्रॅम थांबला तर तपासणीचा दिवस वाया जाईल. त्यापेक्षा मिळेल त्या माइकने काम उरकलेलं बरं. इथे मात्र मी अजिबात सहमत नाही. थांबलेला प्रोग्रॅम दहा मिनिटं खातो. गुपचूप चालत राहिलेला प्रोग्रॅम मुलाच्या नावापुढे खोटा आकडा लिहितो, आणि तो आकडा पुढे केंद्रावर, तालुक्याला जातो. तिथे बसलेल्या कुणालाही कळत नाही की त्या दिवशी कॅमेरा ऐकत होता. थांबणं हा प्रोग्रॅमचा प्रामाणिकपणा आहे. "मला ऐकू आलं नाही" असं म्हणणारं यंत्र, "याला वाचता येत नाही" म्हणणाऱ्या यंत्रापेक्षा शंभर पटीने बरं.

शाळेत आणि घरी एवढं करूया

वाचन ऐकणारं कुठलंही ॲप किंवा प्रोग्रॅम शाळेत येईल तेव्हा देणाऱ्याला तीन प्रश्न विचारूया. माइक नावाने निवडता येतो का? चालू माइकचं नाव पडद्यावर दिसतं का? तो नसेल तर प्रोग्रॅम थांबतो का?

तपासणी सुरू करण्याआधी टिचकी मारून बघूया. माइकवर हलकेच बोट मारलं आणि पट्टी हलली की झालं. याला दहा सेकंद पुरतात.

आकडा फारच कमी आला तर लगेच नोंदवू नये. रेकॉर्डिंग ऐकावं. तेही नसेल तर मुलाला जवळ बसवून आपण स्वतः एकदा ऐकावं.

पालकांनी घरी मोबाइलवर सराव घेताना ब्लूटूथ बंद आहे ना ते बघावं. कपाटात ठेवलेला हेडफोन चालू राहिला असेल तर मोबाइल कधी कधी कपाटातलं ऐकत बसतो.

आणि ज्या मुलांना कोडिंगची गोडी आहे त्यांना हा धडा जरूर द्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगची ओळख सांगितली आहे. ती ओळख केवळ मांजराला नाचवण्यापुरती राहू नये. उपकरणांची यादी काढा, नावं वाचा, एक माइक काढून क्रमांक कसे सरकतात ते वहीत लिहा. एका तासात मुलांना कळेल की जागा बदलते आणि नाव टिकतं. "सापडलं नाही तर थांब आणि सांग" ही सवयही त्याच तासात लागते. पुढे ती बँकेचा प्रोग्रॅम लिहोत नाहीतर दवाखान्याचा, ही शिकवण कामाला येईल.

तिसरीतल्या मुलाला यूएसबी, डिफॉल्ट, क्रमांक यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं की आपण वाचलं आणि यंत्र म्हणालं, तुला येत नाही. आठ वर्षांचं पोर त्यावर वाद घालत नाही, ते विश्वास ठेवतं. म्हणून त्याच्या वतीने हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल.